मागच्या जिन्याचं कलम

आग विझवणारा माणूस मंत्री झाला की लोकांना उगाचच हायसं वाटतं. आता आगीची काही खैर नाही, म्हणतात. मंत्री झालेल्या माणसालाही पहिले काही महिने तसंच वाटत असतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

बंबदादांचं खरं नाव मतपत्रिकेपुरतं उरलं होतं. बाकी अख्खं राज्य त्यांना बंबदादा म्हणायचं. सव्वीस वर्षं अग्निशमन दलात काढलेली. डाव्या कानाची पाळी एका गोदामात जळून गेलेली, आणि धुराने आवाज कायमचा बसलेला. हा बसका आवाज पुढे फार कामाला आला. बसक्या आवाजात बोलणारा माणूस पोटातूनच बोलतो, अशी लोकांची समजूत असते. दादा तर खरंच पोटातून बोलायचे, निदान सुरुवातीला.

त्यांना राजकारणात आणलं ते एका शिलाईच्या कारखान्याने. जुनी इमारत, तिसरा मजला, चाळीस मशीनं. पुढच्या जिन्यात कापडाचे गठ्ठे रचलेले होते, आग तिथेच लागली. मागे दुसरा जिना होता. पण त्याच्या दाराला मालकाने जिन्याच्या बाजूने कुलूप घातलेलं. का, तर बायका कापडाचे तुकडे पिशवीत घालून नेतात म्हणून. दादा आणि त्यांची माणसं मागच्या जिन्याने वर गेली, कुऱ्हाडीने कुलूप तोडलं, तरी दार उघडेना. दार आत उघडणारं होतं आणि दारामागे माणसं होती. अकरा बायका.

चौकशी बसली. अशा चौकशीत आगीचं कारण लिहायचा एक रकाना असतो, आणि त्यात वर्षानुवर्षं एकच शब्द लिहायची दलाची रीत होती: शॉर्ट सर्किट. तारेला वकील नसतो, त्यामुळे सगळ्यांचीच सोय होते. दादांच्या वरच्या साहेबांनी तेच लिहिलं. दादांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आग तारेने लागली असेल. बायका कुलपाने मेल्या."

एवढं एक वाक्य. दुसऱ्या दिवशी ते सगळ्या वर्तमानपत्रांत होतं, आणि तिसऱ्या दिवशी दादा निलंबित होते. मालकाला दंड झाला, कारण दाराला कुलूप घालणं हा तेव्हाच्या कायद्यात दंडापुरताच गुन्हा होता. तो घरी गेला. आणि विरोधी पक्षाची माणसं दादांच्या दारात आली, कारण पक्षांना जळलेल्या घराचा वास बंबाच्या आधी येतो.

त्या निवडणुकीत दादांसाठी सगळ्यात जास्त चालल्या त्या मावशी. मेलेल्या अकराजणींत सगळ्यात लहान, एकोणीस वर्षांची, ती यांची लेक. मावशी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होत्या. चादरी उचलून उचलून दंड पुरुषासारखे झालेले. नवरा केव्हाच गेलेला. कामाची पाळी संपली की पायात चप्पल सरकवायच्या आणि घरोघर जायच्या. भाषणबिषण काही नाही. दार उघडलं की म्हणायच्या, "आमच्या पोरी कुलपाने मेल्या, हे बोलायची या एकट्याची छाती झाली. मत यांना द्या." आणि पुढच्या दारात.

दादा निवडून आले तेव्हा कोणी ठेका मागायला आलं, कोणी पोराची बदली. मावशींनी काही मागितलं नाही. फक्त म्हणाल्या, "दादा, कुलूप लावणारा आत गेला पाहिजे. नोटीस नको, दंड नको. आत."

"शब्द देतो, मावशी," दादा म्हणाले. त्या वेळी शब्द द्यायला काही लागतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

पहिली पाच वर्षं विरोधी बाकांवर गेली. दादा बोलायला उठले की समोरून कोणीतरी हमखास ओरडायचं, "बंब आला, वाट द्या!" आणि सभागृह हसायचं. एकदा पूर आलेला असताना दादांनी आगीवर प्रश्न विचारला, तेव्हा एक मंत्री म्हणाले, "आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!" त्यावर तर आठवडाभर हशा पुरला. दादाही हसायला शिकले. न शिकून सांगतात कोणाला.

मग पक्ष सत्तेवर आला आणि दादा अग्निशमन खात्याचे राज्यमंत्री झाले. खोली मिळाली ती लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला, स्वच्छतागृहाच्या अलीकडे. सोफ्यावर प्लास्टिकचं आवरण तसंच होतं, आधीच्या मंत्र्यांना ते काढायला सवड झाली नव्हती. दादांनी खुर्चीत बसायच्या आधी दाराबाहेरच्या आग विझवायच्या सिलिंडरची चिठ्ठी वाचली. मुदत संपून तीन वर्षं झाली होती. ही गोष्ट त्यांनी पुढे शंभर भाषणांत सांगितली आणि शंभर वेळा टाळ्या घेतल्या. सिलिंडर बदलायला मात्र चार महिने लागले.

कायद्याचा मसुदा लिहायला विधी खात्यातला एक अधिकारी मिळाला. त्याला सगळे स्वल्पविराम म्हणत, कारण एका स्वल्पविरामावरून त्याने एकदा दोन सचिवांशी महिनाभर भांडण केलं होतं. वाळकुडा, चष्मिष्ट, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला. त्याने दादांचं म्हणणं तीन दिवस ऐकून घेतलं आणि सातवं कलम लिहिलं: कामाच्या वेळेत बाहेर पडायच्या कोणत्याही दाराला कुलूप आढळलं, तर इमारत जुनी असो वा नवी, मालकाला अटक, आणि जामीन नाही. दादांनी ते मोठ्याने वाचलं. डोळे भरून आले. स्वल्पविराम म्हणाला, "रडू नका, अजून सभागृहात जायचंय ते."

सभागृहाच्या आधी ते साहेबांकडे गेलं. साहेब म्हणजे पक्षाचे आणि राज्याचे, दोन्हींचे धनी. त्यांनी दादांना सकाळी बोलावलं, चहा मागवला आणि चष्मा पुसत म्हणाले, "बंबदादा, कायदा एक नंबर आहे. मला स्वतःला आवडला."

दादा सावध झाले. साहेबांना जे आवडतं ते टिकत नाही, एवढं त्यांना समजायला लागलं होतं.

"फक्त सातव्याखाली एक ओळ घालू. जुन्या इमारतींना हे कलम सरकार ठरवील त्या तारखेपासून लागू. बस, एवढंच."

"कोणती तारीख?"

"ठरवू ना. सरकार काय परक्याचं आहे?"

"साहेब, बायका जुन्या इमारतींतच जळतात. नव्या इमारतीत कोण शिलाईचा कारखाना काढतो?"

"बरोबर आहे तुमचं." साहेबांनी चष्मा चढवला. "आता माझं ऐका. आपल्याच बाजूचे बावीसजण या कलमामुळे मतदानाला येणार नाहीत. कोणाचा कारखाना आहे, कोणाची इमारत आहे, कोणाचा मेहुणा आहे. मग कलमही गेलं आणि कायदाही गेला. आणि कायद्याबरोबर हेही गेलं." त्यांनी एक कागद पुढे सरकवला.

कागदावर साठ नवे बंब होते. दलातल्या प्रत्येक माणसाला श्वास घ्यायचं यंत्र, उधार-उसनवारीचं नाही, ज्याचं त्याचं. दादांच्या वेळी अकरा माणसांत चार यंत्रं असायची, आणि त्यांतलं एक नेहमी बिघडलेलं. त्यांचा जोडीदार, ज्याच्याबरोबर त्यांनी सतरा वर्षं एकच पाइप धरला होता, तो असाच यंत्राविना तळघरात उतरला आणि छातीत धूर घेऊन दोन वर्षं खोकून खोकून मेला. साहेबांना दुखरी नस बरोबर सापडली होती. ती सापडते म्हणून तर ते साहेब.

आता इथे आगीच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर दादांनी जे केलं ते नुसतीच लबाडी वाटेल. धुरात शिरलेल्या माणसाने निवड करायची नसते. जो हाताला लागेल त्याला आधी बाहेर काढायचं, आणि मग परत आत जायचं. जवळच्याला ओलांडून जो लांबच्याला शोधायला जातो, तो दोघांनाही घालवतो. दादांनी ही गोष्ट भरतीच्या पोरांच्या तीन पिढ्यांना घोकून घेतली होती. या रीतीने त्यांनी आयुष्यात एकेचाळीस माणसं बाहेर आणली होती. मग आताच तिने दगा का द्यावा?

साठ बंब हाताला लागलेत, त्यांनी स्वतःला सांगितलं. आधी ते बाहेर. कलमासाठी परत जाऊ.

"ठीक आहे," ते म्हणाले.

स्वल्पविरामाने ती ओळ लिहून दिली. तिला परंतुक म्हणतात, हेही त्यानेच सांगितलं. कागद देताना म्हणाला, "दादा, 'सरकार ठरवील त्या तारखेपासून' अशी परंतुकं मी नोकरीत चौदा लिहिली. तारीख ठरली दोघांची."

"आणि बाकीच्या बारांची?"

"वाट बघणारे मंत्री वारले."

"मी पुढच्याच अधिवेशनात तारीख घालून घेतो," दादा म्हणाले. "अर्धं काम झालं, अर्धं राहिलं. परत आत जायचं."

स्वल्पविरामाने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "जळत्या घरात तुम्हाला परत जाऊ देतात, दादा. मंजूर झालेल्या कायद्यात कोणी जाऊ देत नाही." म्हातारा कडू बोलायचा, म्हणून त्याचं कोणी मनावर घेत नसे. दादांनीही घेतलं नाही.

कायदा मंजूर झाला. बाकं बडवली गेली, विरोधकांनीसुद्धा बडवली. वरच्या सज्जात मावशी बसल्या होत्या, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. कामकाज संपल्यावर त्या व्हरांडा तुडवत दादांच्या खोलीत आल्या, सोफ्याच्या प्लास्टिकवर बसायला लाजल्या, आणि उभ्यानेच दादांच्या डोक्यावर हात ठेवला. दादांपेक्षा त्या दोन वर्षांनी लहानच असतील. पण त्या दिवशी त्या आईच होत्या.

"झालं ना, दादा? आता कुलूपवाला आत जाणार?"

"कायदा झाला, मावशी," दादा म्हणाले. "सातवं कलमही आलं."

यात एकही शब्द खोटा नव्हता. सात वर्षांत दादा एवढं तरी शिकले होते.

घरी बायकोने जेवायला वाढलं. ती जास्त बोलणारी नव्हती. सव्वीस वर्षं रात्रीबेरात्री घंटा ऐकून उठणाऱ्या माणसाशी संसार केलेला, तिला कमी शब्दांत भागवायची सवय होती. "मावशींना त्या ओळीचं सांगितलंत?" तिने विचारलं.

"पुढच्या अधिवेशनात तारीख येतेच आहे. मग सांगायची गरजच पडणार नाही."

"गरज पडणार नाही ना? मग आत्ताच सांगून टाका. गरज पडल्यावर तोंड उघडत नसतं, अहो."

दादांनी भाजी मागितली. ती तिने वाढली आणि विषय संपला.

तारीख काही येईना. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आधी समिती नेमायची ठरली, मग समितीला अध्यक्ष मिळेना. मग नगरपालिकांच्या निवडणुका आल्या, मग अर्थसंकल्प. दादांनी फाइल पाठवली की ती 'विचाराधीन' असा शिक्का घेऊन परत यायची. पाचव्यांदा आली तेव्हा शिक्क्याची शाई फिकट झाली होती, एवढाच काय तो फरक. साहेब भेटले की पाठीवर थाप मारायचे. "बंबदादा, किती घाई! आग लागलीय का कुठे?"

बंब मात्र आले. साठच्या साठ, लालचुटूक, दारावर दादांचा फोटो. फोटो काढून टाका म्हणून दादांनी पत्र लिहिलं. त्या बंबांनी कामही केलं, हे कबूल करायला हवं. एका शाळेच्या प्रयोगशाळेत आग लागली तेव्हा नव्या यंत्रांमुळे माणसं धुरात दोनदा शिरू शकली आणि अठ्ठावीस पोरं जिवंत बाहेर आली. दादांनी ते आकडे पाठ केले होते. झोप येईना की ते मोजायचे, आणि झोप यायची.

मावशीही स्वस्थ बसल्या नव्हत्या. कायद्याच्या बातमीचं कात्रण त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घातलं होतं. सुट्टीच्या दिवशी त्या कारखान्यांच्या गल्ल्यांत जायच्या, जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलेल्या पोरींना ते दाखवायच्या. एकदा त्या दादांकडे आल्या त्या तावातावाने.

"खोक्यांचा कारखाना आहे एक, दुसऱ्या मजल्यावर. मागच्या दाराला कुलूप! मी मालकाला म्हटलं, कायदा माहीत आहे का? तर म्हणतो, तो आम्हाला लागू नाही. खोटारडा मेला!"

दादांच्या हातात पेन होतं. ते त्यांनी खाली ठेवलं. हीच वेळ होती, हे त्यांना कळलंही होतं.

"तिथल्या पोरी घाबरल्यात," मावशी म्हणाल्या. "एक तर काम सोडायला निघालीय. तशी गुणाची पोर आहे, घरात मिळवणारी तीच. काय सांगू तिला? थांब म्हणू ना? आठ-पंधरा दिवसांत दार उघडेल?"

"सांगा," दादा म्हणाले. "मी बघतो."

आणि त्यांनी बघितलंही. त्याच दुपारी निरीक्षक पाठवला. निरीक्षक दोन दिवसांनी अहवाल घेऊन आला: कुलूप आहे, इमारत जुनी, परंतुकामुळे कारवाई करता येत नाही. दादांनी तो अहवाल जोडून तारखेची फाइल सहाव्यांदा वर पाठवली, 'तातडीचे' अशी लाल अक्षरं काढून. या वेळी ती नक्की होईल असं त्यांना मनापासून वाटत होतं. मावशींना उगाच कशाला नाउमेद करायचं? तीन आठवडे ती फाइल साहेबांच्या टेबलावर होती. चौथ्या आठवड्यात खोक्यांचा कारखाना जळला.

दुपारची अडीचची वेळ. दादा एका उद्घाटनाच्या मांडवात होते. निरोप आला तसे ते गळ्यातला हार काढत गाडीत बसले. पोचले तेव्हा आग आटोक्यात आली होती. पुठ्ठ्याच्या काळ्या चिंध्या गल्लीभर उडत होत्या. दोरी बांधून रस्ता अडवला होता. दोरीपाशी नळ्या उभा होता. दादांनीच दलात भरती करून घेतलेला, तेव्हा पाण्याच्या नळीसारखा बारीक होता म्हणून नळ्या. आता पोट सुटलेला केंद्राचा अधिकारी.

दादा दोरीखाली वाकले. नळ्याने हात आडवा घातला. "दादा, मागेच थांबा."

"अरे, मी आहे."

"तुम्हीच आहात. म्हणूनच."

दादा दोरीच्या अलीकडे राहिले. "किती?" त्यांनी विचारलं.

"नऊ. सगळ्या मागच्या दारापाशी." नळ्याने पाठीवरचं यंत्र काढून जमिनीवर ठेवलं. चेहऱ्यावर मुखवट्याची गोल खूण उमटली होती. "यंत्रं उत्तम आहेत, दादा. बंबही उत्तम. सहा मिनिटांत पोचलो, आठव्या मिनिटाला दारापाशी होतो. लोखंडी दार, दोन कुलपं. कापायला चौदा मिनिटं लागली. पहिली पाच-सहा मिनिटं आतून हात आपटत होते."

दादा वाकून यंत्राचा पट्टा सरळ करू लागले.

"नवे बंब आले तेव्हाच आम्ही पोरं म्हणायचो, दादांनी याच्या बदल्यात काहीतरी दिलं असणार. फुकट कोण देतं?" नळ्या म्हणाला. "एवढं दिलं असेल असं नव्हतं वाटलं."

मालक पोलिसांच्या गाडीत बसून बाटलीने पाणी पीत होता. पोलीस अधिकारी अदबीने दादांजवळ आला. "साहेब, सातवं कलम लावायला गेलो तर परंतुक आडवं येतंय. साधी हलगर्जी लागते. संध्याकाळपर्यंत जामीन होईल. वरून काही सूचना असेल तर..." ज्याने ती ओळ येऊ दिली त्यालाच तो बिचारा विचारत होता. सूचना नाही, असं दादांनी मानेनेच सांगितलं.

मग ते इस्पितळात गेले. जावंच लागतं, गेलं नाही तर बातमी होते. तळमजल्यावर, शवागाराबाहेरच्या लांबट खोलीत भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांवर घरची माणसं. मावशी तिथे आधीच होत्या. धुलाईघरातून ओल्या बाह्यांनीच आलेल्या. एका बाईचा हात हातात घेऊन बसल्या होत्या, आणि दादा दारात आले तेव्हा त्या बोलत होत्या, "या वेळी तो सुटायचा नाही, बाई. आमच्या वेळचा सुटला. आता कायदा आहे. ते बघा, दादाच आले. दादा, सांगा यांना!"

नऊ घरांची माणसं दादांकडे बघू लागली.

"मावशी, जरा बाहेर या," दादा म्हणाले.

व्हरांड्यात औषधांची रिकामी खोकी रचून ठेवली होती. त्यांच्या आडोशाला दादांनी सांगितलं. एका दमात सांगितलं. ती ओळ, साहेब, साठ बंब, सहा वेळा पाठवलेली फाइल. "माझा विचार होता, मावशी, की हाताला लागतंय ते आधी बाहेर काढू. मग उरलेल्यासाठी परत जाऊ. आमची रीतच तशी असते."

मावशी ऐकत होत्या. डोळ्यांत पाणी नाही की राग नाही. हिशेब जुळत नसला की माणूस बघतो तशा बघत होत्या.

"माझी पोर दाराला चिकटूनच होती ना?" त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलं होतंत मला. तिच्याएवढं हाताजवळ कोण होतं, दादा?"

दादा रचलेल्या खोक्यांकडे बघू लागले.

"मी विचारायला आले होते, थांब म्हणू का तिला. तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही म्हणालात, सांगा."

"मला वाटलं, तोवर होईल."

"सोडून निघालेली पोर," मावशी स्वतःशीच म्हणाल्या. "डबा भरून, चप्पल घालून जिन्यापर्यंत आली होती. मी परत पाठवली."

त्या वळल्या आणि खोलीत गेल्या. दादाही मागोमाग गेले, का ते त्यांनाही कळलं नाही. मावशी मघाच्याच बाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत. दोन्ही हात जोडले.

"बाई, मी तुमच्या लेकीला चुकीचं सांगितलं. असा कायदा नाहीये. जुन्या इमारतीला नाहीये. मालक उद्या घरी असेल. तुमची लेक काम सोडत होती ते बरोबर होतं, मी तिला थांबवलं. मी थांबवलं नसतं तर ती आज घरी असती."

त्या बाईला आधी काही समजलंच नाही. मग समजलं, आणि ती उठून उभी राहिली. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं कायदा झालाय म्हणून?"

दादा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. एक वाक्य बोलायचं होतं. याच माणसाने नोकरी, निवृत्तिवेतन, दोन शिकणारी मुलं पणाला लावून सगळ्या वरिष्ठांसमोर कुलपाचं नाव घेतलं होतं, आणि तेव्हा जीभ जराही अडखळली नव्हती. आता पणाला काय होतं? प्लास्टिकचं आवरण घातलेला सोफा. मावशी बोट दाखवतील, याची ते वाट बघत होते. खरं तर मनातून तेच मागत होते. बोट दाखवलं असतं तर निदान हो तरी म्हणता आलं असतं.

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोणी नाही," त्या म्हणाल्या. "मीच तशी समजून चालले."

ती बाई मग मावशींना काय काय बोलली. आमच्या घरात कशाला आलात, तुमची मेली म्हणून आमचीही घालवलीत, असं खूप बोलली, ओरडून ओरडून बोलली. मावशी हात जोडून उभ्या होत्या आणि मान हलवत होत्या. दोघा-तिघांनी त्या बाईला धरलं. कोणीतरी मावशींना बाहेर जायला सांगितलं, आणि त्या गेल्या.

दादांवर त्या खोलीत कोणाचाच राग नव्हता. उलट, मंत्री स्वतः आले, उभे आहेत, हे बघून एक म्हातारी लगबगीने उठली. तिची नात आत होती. पदराने तिने आपली खुर्ची पुसली आणि ती त्यांच्यापुढे केली.

"बसा, दादा," ती म्हणाली. "तुम्ही तरी आलात."

आणि दादा बसले.